प्रबंधांचे कपाट आले कुठून?

विद्यापीठाच्या ग्रंथालयातला प्रबंध विभाग ओळखायला पाटी लागत नाही. काळ्या नाहीतर मरून रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरांत विषय, संशोधकाचे आणि मार्गदर्शकाचे नाव, खाली साल. आत कागदाच्या एकाच बाजूला टाइप केलेला मजकूर, जुन्या प्रतींत कार्बनची पुसट अक्षरे. सुरुवातीला प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश. (मी ऋणनिर्देश आधी वाचतो. टंकलेखकाचे आभार जिथे दोन ओळींत मानलेले असतात, तिथे शेवटच्या महिन्यातली धावपळ न सांगता कळते.) शेजारच्या कपाटांतले कोश, ग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड कुणीतरी निवडून विकत घेतलेले असतात किंवा कुणी भेट दिलेले असतात. प्रबंधाचे तसे नाही. पदवी हवी तर प्रत जमा करा, या नियमाने तो आपोआप येऊन पडतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले तेव्हा हा नियम असण्याचे कारणच नव्हते. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेले ते परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवायचे ते कॉलेजांनी. विद्यापीठाने पेपर तपासायचे आणि पदव्या वाटायच्या. मग ग्रंथालय कुणासाठी? मुंबईला ते मिळाले ते वाचकांच्या मागणीमुळे नव्हे, कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. देणगी मात्र टिकली. कधीही मुंबईत न आलेल्या गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर १८६९ ते १८७८ या काळात इमारत उभी राहिली, १८८० साली ग्रंथालय सुरू झाले. वास्तू आधी, वाचक नंतर, असा हा उलटा क्रम.

विद्यापीठांनी स्वतः शिकवावे, संशोधन करावे याला १९०४ च्या कायद्याने वाट दिली. मुंबईत पॅट्रिक गेडिस यांच्याकडे १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग आला. हस्तलिखितांचे संग्रहही जमत गेले. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली निघाली, संस्कृत-प्राकृत पोथ्यांची १९४४ साली. ज्ञानाचा हा प्रकार विद्यापीठाहून कितीतरी जुना, पण ग्रंथालयात उशिरा पोचलेला.

प्रबंध जमा करण्याची रीत मुळात जर्मन. तिथे पदवीसाठी प्रबंध छापावा लागे आणि त्याच्या प्रती विद्यापीठे एकमेकांना पाठवत. अशी देवघेव करणारे मंडळ मारबुर्गमध्ये १८१७ सालीच निघाले होते. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या याच व्यवस्थेत. मानवी कवटीच्या असमानतेवरचा त्यांचा जर्मन प्रबंध १९३१ मध्ये छापून निघाला. इंग्लंडला मात्र पीएच.डी.ची घाई नव्हती. ऑक्सफर्डने तशी पदवी सुरू केली ती १९१७ साली. लंडनकडे बघून चालणाऱ्या मुंबईत प्रबंधांचे कपाट उशिरा भरू लागले त्याचे एक कारण हेच.

एकाच अभ्यासकाचे लेखन ग्रंथालयात किती कपाटांत विखुरते हे पाहायचे तर डॉ. आंबेडकरांचे घ्या. १९१५ साली कोलंबियात एम.ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावरचा प्रबंध. १९१६ मध्ये तिथल्याच चर्चासत्रात जातिसंस्थेवर वाचलेला निबंध, जो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला, म्हणजे तो सापडणार नियतकालिकांच्या बांधीव खंडात. लंडनला १९२१ साली एम.एस्सी.चा प्रबंध. १९२३ साली डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध, जो लगेच ग्रंथ म्हणून निघाला आणि अर्थशास्त्राच्या फडताळात गेला. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील प्रती जमा केल्याशिवाय मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे ते पुस्तक १९२५ मध्ये लंडनला छापले गेले आणि पदवी हातात पडली १९२७ साली. छपाईचा खर्च ज्याला झेपत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न त्या नियमाने विचारलेला दिसत नाही.

आपल्याकडे छपाईची अट रुजली नाही, टंकलिखित प्रतीवर भागले. त्यातून एक अडचण मात्र झाली. छापील जर्मन प्रबंध गावोगाव पोचत. आपल्याकडची प्रत बहुधा तिच्या विद्यापीठाबाहेर पडत नसे. नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२ अशी विद्यापीठे होत गेली आणि प्रत्येकाचे आपले कपाट झाले. घरी न्यायचा नाही, झेरॉक्स काढायची नाही, इथेच बसून टिपणे घ्या. कोल्हापुरात काय झाले आहे हे औरंगाबादच्या विद्यार्थ्याला कळायचे ते ओळखीतून किंवा एसटीने जाऊन.

हे बदलायला सुरुवात झाली ती पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत. ग्रंथालये संगणकाने जोडण्याचा ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प १९९१ साली तिथे सुरू झाला, १९९६ मध्ये स्वतंत्र संस्था झाला आणि पुढे गुजरातेत स्थिरावला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले आणि ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे संगणकीय भांडार भरू लागले.

मराठीत हे गाडे एका गोष्टीवर अडते. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉन्टांत, जुळवले. त्यांची पीडीएफ उघडली की अक्षरे सुरेख दिसतात. पण शोधचौकटीत ‘बलुतेदार’ टाकला, तर तोच शब्द पानावर पाच वेळा असूनही संगणक काही सापडले नाही म्हणतो, आणि ओळ उचलून दुसरीकडे डकवली तर रोमन अक्षरांची खिचडी उतरते. मग अनुक्रमणिका काढायची, प्रकरण तिसरे, पृष्ठ ११२ पासून, आणि एकेक पान डोळ्यांखालून घालायचे.