रंगापूर्वीची घासाई (शेती अवजारे, बेळगाव सीमाभाग)

नांगर, ट्रॉली, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अशा लोखंडी अवजारांवरचा जुना रंग, गंज, तेल व माती काढून धातू उघडा करणे आणि प्राइमरचा पहिला हात बसेपर्यंत तो कोरडा राखणे, या कामाला घासाई म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हे काम गावच्या वेल्डिंगच्या दुकानात किंवा थेट शेतकऱ्याच्या अंगणात चालते. मराठी घरातला गंज कन्नड घरात तुक्कु होतो. दुकानात दोन्ही शब्द चालतात. गिऱ्हाईक भाव करते ते रंगाचा. घासाईची मजुरी मात्र ‘एवढं घासायला कशाला?’ म्हणून कापली जाते आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात.

लोखंडी अवजारांशी या भागाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावातच सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला. लोखंडाने जमीन नासते असा समज असल्याने त्याला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला, तरी बेळगावात ओतकाम आहेच. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या आजही चालू आहेत.

गंजाची कारणे तालुक्यागणिक बदलतात. मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस महिनोन् महिने हटत नाही आणि परसात ठेवलेला नांगर हवेनेच गंजतो. अथणीकडे हवा कोरडी, पण तिथे ऊस आहे. ट्रॉलीच्या हौद्यात सांडलेला उसाचा रस आंबून आम्ल होतो. खताच्या पेटीत उरलेले पोटॅश हे क्लोराइड असल्याने ओल धरून पत्रा पोखरते. सगळ्यात फसवी जागा म्हणजे ट्रॉलीच्या फाळक्याची (उघडणाऱ्या झडपेची) बिजागरी आणि तिच्या मागची वेल्डिंगची शिवण. तिथे चिखल अडकून वर्षभर ओला राहतो. वरून रंग धड दिसतो, पण पेचकसाचे टोक दाबले की ते आत जाते आणि तपकिरी भुगा गळतो. अशा जागी घासत बसण्यात अर्थ नाही. तुकडा कापून नवा पत्रा जोडावा.

कामाची सुरुवात तारेच्या ब्रशने करू नये, धुण्याने करावी. सीमाभागात हंगाम संपला की उघड्या लोखंडाला जळकं ऑइल (इंजिनातले वापरलेले तेल) फासून ठेवतात. गंज थांबवायला उपाय वाईट नाही, पण वर्षभराने रंगाचा विचार निघाला की तेच ऑइल आडवे येते. आधी ब्रश मारला तर ते निघत नाही, खाचाखोचांत पसरते. म्हणून कपडे धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट घालून गरम पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि स्वच्छ फडक्याने थिनर फिरवायचा. फडके दर थोड्या वेळाने बदलायचे. डिझेलने पुसण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे, कारण डिझेल स्वतःच तेलाचा पातळ थर सोडून जाते. पारख सोपी आहे : पत्र्यावर पाणी शिंपडावे. ते सलग पसरले तर पत्रा स्वच्छ, मोत्यांसारखे थेंब होऊन थांबले तर तेल अजून आहे.

मग खरवडणे. सुटे पोपडे छिन्नी-पटाशीने, बाकीचे ग्राइंडरला तारेची वाटी किंवा फ्लॅप डिस्क लावून. शेवटी 80 ते 120 नंबरचा पॉलिश पेपर मारतात, कारण आरशासारखा गुळगुळीत झालेला पत्रा प्राइमर नीट धरत नाही. धड उरलेला जुना रंग काढायची गरज नसते. त्याची कड मात्र बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी लागते. नव्या अँगल-चॅनेलवर कारखान्यातूनच आलेली निळसर काळी पापडी दिसते. ती पक्की वाटते म्हणून बरेच जण तिच्यावरच रंग मारतात. पण ती तडकली की भेगेतले उघडे लोखंड पापडीपेक्षा वेगाने झिजते आणि खोल खड्डे पडतात.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 8501-1 मध्ये गंजलेल्या पोलादाच्या ए ते डी अशा चार अवस्था, हाताने केलेल्या घासाईच्या एसटी 2 (नीट) व एसटी 3 (फार नीट) आणि ब्लास्टिंगच्या, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून केलेल्या घासाईच्या, एसए 1 ते एसए 3 अशा पायऱ्या दिल्या आहेत. गावात एसटी 2 सहज जमते, एसटी 3 ला चिकाटी लागते. ब्लास्टिंग नदीच्या वाळूने तर करूच नये. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

ॲसिडचाही मोह होतो. संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज झटक्यात खाते, पण मागे क्लोराइड ठेवते आणि संध्याकाळपर्यंत पत्रा पुन्हा पिवळा पडतो. फॉस्फरिक ॲसिडचे रस्ट रिमूव्हर बरे : उरलेल्या गंजाचे ते लोह फॉस्फेट करते. जादा ॲसिड मात्र धुऊन काढावे आणि पत्रा लगेच वाळवावा.

खरा घात होतो तो रात्री. गळीत हंगाम दसऱ्यानंतर लागतो, म्हणून ट्रॉल्यांची घासाई भाद्रपद-आश्विनात येते आणि तेव्हा हवेत ओल असते. आज घासून उद्या प्राइमर मारू म्हणून ठेवलेल्या पत्र्यावर रात्रीत दहिवर पडते आणि सकाळी पिवळसर झाक दिसते. ती रंगाखाली गेली की गंज फुगतो आणि फोड येतात. चार तासांत प्राइमर मारून होईल तेवढेच घासावे. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असावे, असा नियम आहे. मोजायला साधन नसले तर उन्हे चांगली वर आल्याशिवाय आणि पत्रा हाताला कोमट लागल्याशिवाय डबा उघडू नये.

प्राइमर बहुधा रेडऑक्साइडच असतो. गंमत अशी की खानापूरचा जांभा, पत्र्यावरचा गंज आणि डब्यातला रेडऑक्साइड या तिघांच्या तांबड्या रंगामागे लोहाचेच ऑक्साइड आहे. त्यामुळे ब्रश न पोचलेली गंजकी जागा प्राइमरमध्ये बेमालूम लपते. राखाडी झिंक फॉस्फेट प्राइमर घेतला तर ती लगेच दिसते. जुन्या अवजारांवर कधी शेंदरी थर लागतो. तो खरोखरच शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड असू शकतो. तो कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा आणि तोंडाला मास्क बांधावा. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची ती प्राइमरनंतर. लांबी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर पुन्हा प्राइमर हवाच.

जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट टिकत नाही, साबणासारखा होऊन सुटतो. तिथे एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा प्राइमर, लागतो. हायड्रॉलिकचा चकचकीत रॉड, ग्रीसचे निप्पल आणि चासी नंबर कागद-टेपने झाकावेत. नांगराच्या फाळाला रंग देत नाहीत, तो पहिल्याच तासात मातीत जातो; घासून ग्रीस लावले की झाले. खंडेनवमीला पूजेसाठी घाई होते ती इथेच : एनॅमल (वरचा रंग) ओले असताना लावलेले हळदकुंकू पुढच्या घासाईपर्यंत निघत नाही.