रोजच्या गाडीचा फोटो: दिवा स्थानकाच्या जुन्या छायाचित्रांमागची पार्श्वभूमी

मध्य रेल्वेवर ठाणे आणि कल्याण यांच्या मधल्या दिवा जंक्शनचे साधारण १९७० ते १९९५ या काळातले फोटो गोळा करायला निघालेल्या माणसाच्या हाती आधी भलतेच फोटो लागतात. वऱ्हाड परत निघाले आहे, मुंज आटोपून पाहुणे घरी चालले आहेत, बदली झालेल्या शेजाऱ्यांना निरोप द्यायला अख्खी चाळ फलाटावर जमली आहे, आणि या सगळ्यांच्या मागे, निम्मी कापली गेलेली, पिवळ्या-तपकिरी रंगाची लोकल उभी आहे. गाडीचा म्हणून मुद्दाम काढलेला फोटो त्यांत क्वचितच सापडतो. सापडलाच तर तो डेक्कन क्वीनचा किंवा एखाद्या मेलचा असतो. ज्या धिम्या लोकलने गावातली माणसे वर्षानुवर्षे कामावर गेली, तिचा समोरून घेतलेला, नीट उजेडातला फोटो मिळाला तर तो योगच समजावा. जी गाडी रोज येते तिची नोंद सर्वांत कमी झाली आहे. याला लोकांची उदासीनता थोडीफार कारणीभूत आहेच, पण कॅमेरा, कायदा आणि सूर्य यांचा त्यातला वाटा अधिक मोठा आहे.

हा मार्ग देशातला सर्वांत जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून गाडी कल्याणपर्यंत जाऊ लागली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ मध्येच, म्हणजे रेल्वे आणि छायाचित्रण या दोन गोष्टी इथे जवळजवळ बरोबरीने रुजल्या. तरी त्या काळातला अवजड कॅमेरा तिकाटण्यावर चढला तो ठाण्याच्या खाडीवरचे पूल, घाटांतले बोगदे आणि समारंभांना आलेले बडे पाहुणे यांच्यासाठी. हा मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे या कंपनीच्या दृष्टीने फोटो हा केलेल्या बांधकामाचा पुरावा होता, आणि गाडी ही त्या बांधकामावरून धावणारी वस्तू. पुढे १९१६ मध्ये ठाणे आणि दिव्याच्या मधला पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला. तोवर सगळी वाहतूक डोंगराला वळसा घालून कळवा-मुंब्र्यावरून होत असे. नंतर जलद गाड्या डोंगराच्या पोटातून आणि धिम्या गाड्या वळशाने अशी वाटणी झाली आणि बोगद्याच्या तोंडाचे फोटो पुष्कळ निघाले. वळशाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

या दुर्लक्षाला विजेचाही हातभार लागला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली आणि १९३० पर्यंत दीड हजार व्होल्ट डीसी प्रवाहाच्या तारा एका बाजूला पुण्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला इगतपुरीपर्यंत पोहोचल्या. याचा परिणाम असा की, वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या दशकांत, १९७० आणि १९८० च्या काळात, परदेशी हौशी छायाचित्रकार भारतातली कितीतरी लहान स्थानके धुंडाळत होते, तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यात त्यांना धूर शोधूनही मिळण्यासारखा नव्हता. त्यांच्या लेखी हा उपनगरी, तारांनी भरलेला, कंटाळवाणा भाग होता. अपवाद होता तो एकाच इंजिनाचा. घाटात मालगाड्या ओढण्यासाठी आणलेल्या, पुढे-मागे लांबट नाक आणि चाकांना जोडणारे दांडे असलेल्या त्या विजेच्या इंजिनाला रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत, आणि त्याची चाल पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. उतारवयात ते यार्डातल्या शंटिंगवर, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्याच्या कामावर, आले तेव्हा फोटो काढणाऱ्यांना सहज गाठता येऊ लागले. लोकलच्या वाट्याला हे भाग्यसुद्धा आले नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. मध्यमवर्गीय घरात असे तो बहुधा आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. रोल घ्यायचा, सणासमारंभापर्यंत जपून वापरायचा, मग स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि छापील प्रती किती काढायच्या यावर घरात चर्चा करायची, हा सगळा खर्चिक व्यवहार होता. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ या कृष्णधवल रोलमुळे आणि पूर्व जर्मनीहून येणाऱ्या ओर्वोमुळे तो थोडा आवाक्यात आला. तरीही बारांतला एक फोटो लोकलवर ‘घालवणे’ ही चैन समजली जाई. मला स्वतःला याबद्दल घरी जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्यातून धाडस केलेच, तरी अशा साध्या कॅमेऱ्याच्या शटरला वेग झेपत नसे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जवळजवळ फूटभर पुढे सरकते. तेवढे सरकणे निगेटिव्हवर पुसट पट्टा होऊन उमटते. म्हणून त्या काळातले बहुतेक फोटो उभ्या गाडीचे आहेत, किंवा लांबून तिरकस कोनात, गाडी अंगावर येत असतानाचे आहेत, कारण त्या कोनात तिचे सरकणे कमी जाणवते. दिव्याला इथे एक सोय होती. रस्त्याच्या फाटकामुळे लोकल स्थानकाबाहेर खोळंबत आणि प्रवाशांचा जीव खालीवर होत असताना कॅमेरेवाल्याला मात्र दोन-तीन निवांत मिनिटे मिळत. शिवाय इथून एक फाटा वसईकडे आणि दुसरा पनवेलकडे जात असल्याने, मुख्य मार्गावर विजेची लोकल आणि बाजूला डिझेल इंजिनामागची छोटी पॅसेंजर असा जोड एकाच चौकटीत पकडता येई. आजूबाजूला भातखाचरे आणि खाडीकडची खारफुटी असल्यामुळे मागचे दृश्यही मोकळे असे.

उजेडाचा प्रश्न याहून चमत्कारिक आहे, आणि जुने फोटो वाचताना तो नेहमी लक्षात ठेवावा लागतो. मुंब्रा ते दिवा या टप्प्यात रूळ साधारण पूर्व-पश्चिम जातात. सकाळी पूर्वेचे ऊन कल्याणकडे जाणाऱ्या डाऊन गाडीच्या तोंडावर पडते, संध्याकाळी पश्चिमेचे ऊन मुंबईकडे जाणाऱ्या अप गाडीच्या तोंडावर. गर्दीची दिशा मात्र नेमकी उलटी असते: सकाळी माणसे मुंबईकडे जातात आणि संध्याकाळी घराकडे परततात. म्हणजे ज्या गाडीच्या दारांत माणसे लोंबकळत असतात तिचे तोंड दोन्ही वेळा सावलीत, आणि जिचे तोंड लख्ख उजळते ती बरीचशी रिकामी. चांगला फोटो हवा असणारा साहजिकच उजळलेल्या गाडीवर रोल खर्च करी. त्यामुळे जुन्या संग्रहांतली लोकल प्रत्यक्षाहून बरीच ऐसपैस दिसते. त्या फोटोंवरून ‘तेव्हा गर्दी नव्हती’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी फोटोतली सावली कुठे पडली आहे ते पाहावे.

फोटोची वेळ आणि गाडी ओळखायला सर्वांत उपयोगी पडते ती गाडीच्या कपाळावरची पाटी. मध्य रेल्वेच्या लोकलवर ठाण्यासाठी टी, कल्याणसाठी के, अंबरनाथसाठी ए, बदलापूरसाठी बीएल अशी अक्षरे असतात. कर्जतसाठी मात्र एस आणि कसाऱ्यासाठी एन. नवख्या प्रवाशाला ही दोन अक्षरे कोड्यात टाकतात. कल्याणहून पुण्याकडे जाणारी ती आग्नेय शाखा आणि इगतपुरीकडे जाणारी ती ईशान्य शाखा, या ब्रिटिशकालीन इंग्रजी नावांची ती आद्याक्षरे आहेत. जुनी कंपनी जाऊन ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे आली तरी ती टिकली. निगेटिव्ह भिंगाखाली धरून पाटीवरचे अक्षर आणि फलाटावरचे घड्याळ वाचता आले, की जुन्या वेळापत्रकावरून ती नेमकी कोणती गाडी हे पुष्कळदा ठरवता येते.

मनाईचा मुद्दा वेगळा. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात रेल्वेसारखी दळणवळणाची ठिकाणेही अधिसूचना काढून निषिद्ध ठरवण्याची तरतूद आहे, आणि १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांनी पूल-बोगद्यांभोवतीचा संशय वाढवला. ‘फोटो काढण्यास मनाई आहे’ ही पाटी अनेक ठिकाणी नंतरही तशीच राहिली. छोट्या स्थानकात याची अंमलबजावणी माणसावर अवलंबून असे. कोणी चहा पाजून गाड्यांच्या वेळा सांगे, तर कोणी रोल बाहेर काढून उजेडात धरायला लावी. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर आणि नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ही हटकाहटकी पुन्हा वाढली, आणि त्या वेळेला कारणही तसेच होते.

गंमत अशी की, रोजच्या लोकलकडे हौशी मंडळींचे लक्ष गेले ते ती जायला निघाल्यावर. २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या रंगाचे नवे डबे आले, डीसी प्रवाह टप्प्याटप्प्याने पंचवीस हजार व्होल्टच्या एसी प्रवाहात बदलत गेला, आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली तेव्हा तिला निरोप द्यायला माणसे कॅमेरे घेऊन हजर होती. तोवर डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल आल्याने रोल ‘घालवण्याचा’ प्रश्न उरला नव्हता. दिव्यातली भातखाचरे मात्र इमारतींखाली गेली होती आणि २०१६ च्या अखेरीस जलद लोकलही इथे थांबू लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवा व सहावा मार्ग सुरू झाल्यावर जलद लोकल पारसिकचा बोगदा सोडून कळवा-मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे राहिला. त्यामुळे बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या जलद लोकलचा कोणताही फोटो, त्यावर तारीख नसली तरी, आता २०२२ च्या आधीचा म्हणून बाजूला काढता येतो, आणि मोबाइलमध्ये विनातारीख पडलेल्या फोटोंची वर्गवारी करताना ठाण्या-दिव्याकडचे हौशी लोक आजकाल सुरुवात तिथूनच करतात.