ट्यूबची जवारी

माझा भाचा धरमपेठेतल्या पोरांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. नवा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, घ्यायचा म्हणून सीताबर्डीतली दुकानं पालथी घालून तो संध्याकाळी थेट माझ्याकडे आला. "मामा, दुकानदार म्हणते का ट्यूबचा ५० वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचा २०० वॉट. खरं हाय का?"

खरं नाही. वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तो काचेच्या नळीतून आला की सिलिकॉनच्या तुकड्यातून, हे स्पीकरला कळायचा मार्ग नाही. तरीही हा समज जगभरच्या वादकांत आहे आणि त्यांचे कान खोटं बोलत नाहीत. त्यांना जे ऐकू येतं ते खरंच आहे, फक्त त्याचा हिशेब वॉटमध्ये लागत नाही. तो लावायचा तर आधी बेसची सगळ्यात जाड तार छेडावी लागेल.

चार तारांच्या बेसची ही तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, साध्या गिटारच्या जाड तारेच्या निम्मी. एवढ्या खाली आपला कान जवळजवळ बहिरा असतो. १००० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येतो तेव्हा तेवढंच जेमतेम ऐकू यायला ४० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ५० डेसिबल जास्त लागतात, म्हणजे एक लाख पट शक्ती. मग फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर गाण्यातली बेसची ओळ ओळखू कशी येते? तो स्पीकर तर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही.

कारण तार कधीच एकटा ४१ वाजवत नाही. तिच्यासोबत दुप्पट ८२, तिप्पट १२४, चौपट १६५ अशी हार्मोनिकची अख्खी शिडी असते. शिडीची खालची पायरी गायब असली तरी मेंदू वरच्या पायऱ्यांमधलं सारखं अंतर ओळखतो आणि मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवा फुंकून याचा अभ्यास केला होता. म्हणजे बेस "ऐकू येणं" हे बरंचसं वरच्या हार्मोनिकच्या हातात आहे. तेवढ्याच वॉटमध्ये जो अँप हे हार्मोनिक वाढवेल, तो कानाला मोठा वाटेल. दुकानदाराच्या हिशेबात सुटलेला हातचा हाच.

आता ट्यूब. आपल्या वडीलधाऱ्यांनी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचाच, रेडिओ पाहिलेला आहे. बटण दाबलं की आत नारिंगी उजेड पडायचा आणि आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा. त्या अर्ध्या मिनिटात ट्यूबमधलं ऋण टोक, म्हणजे कॅथोड, तापतो आणि त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटून भोवती ढगासारखे जमतात. समोरच्या प्लेटवर काही शे व्होल्टचं धन विभव असतं, ती त्यांना ओढते. मध्ये तारेची एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. बेसमधून येणारा क्षीण सिग्नल या ग्रिडवर द्यायचा. ग्रिड जरा जास्त ऋण झाली की इलेक्ट्रॉन अडतात, कमी ऋण झाली की लोंढा सुटतो. चिमूटभर बदलाने मोठा प्रवाह हलतो. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ही तिसरी तार घातली आणि रेडिओचं, लांब पल्ल्याच्या टेलिफोनचं युग त्यावर उभं राहिलं.

पण हा प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही. इलेक्ट्रॉनांचा ढग मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाच परत ढकलतो. त्यामुळे प्रवाह व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो आणि आलेख हलका वाकतो. माझा जीव या वाकण्यावर आहे. आत जाणारा सिग्नल x धरला, तर वाकलेला आलेख म्हणजे बाहेर येणाऱ्या सिग्नलमध्ये x सोबत थोडा x² मिसळलेला. x च्या जागी ज्या (साइन) घाला आणि दहावीनंतरची त्रिकोणमिती आठवा: ज्या²θ = (१ − कोज्या २θ) ÷ २. तो २θ पाहा. आत गेला ४१ हर्ट्झ, बाहेर ४१ सोबत ८२ निघाला! कुणी वाजवलेला नाही असा वरच्या सप्तकाचा स्वर केवळ आलेखाच्या बाकातून जन्मला. आलेखात x³ असेल तर १२४ निघतो आणि ही मालिका पुढे चालू राहते.

दोन स्वर एकत्र दिले की भानगड वाढते. मग त्यांची बेरीज आणि वजाबाकीही बाहेर येते. ४१.२ आणि त्याचा पंचम ६१.७ एकदम वाजवा, वजाबाकी २०.५ हर्ट्झ येते, म्हणजे नुसता गढूळपणा. मर्यादेपलीकडे पिळलेल्या ट्यूबवर बेसवाला बहुधा एकेकच स्वर का वाजवतो, ते यातून कळतं.

आपल्याकडे नवे स्वर काढायचं हे काम ट्यूबच्या कितीतरी आधीपासून सुताचा एक धागा करत आलाय. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलका बाक असतो. तारेखाली धागा सरकवून अशी जागा शोधायची की कंपणारी तार बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाईल. यालाच जवारी म्हणतात. ती लागली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पाचवा हार्मोनिक. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) असेल तो हार्मोनिक निघू नये, असा जुना नियम होता. तंबोरा तो नियम पाळत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यापूर्वी १९१० मध्ये हेच रामन अर्थखात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते. गांधीसागरासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात मुलांना नेलंत, तर त्यांच्या प्रकाशाच्या कामासोबत हेही सांगा. घोडीचा बाक आणि ट्यूबच्या आलेखाचा बाक, दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: सरळ नसलेली वस्तू नवे स्वर जन्माला घालते.

ट्रान्झिस्टरचा अँप शेवटपर्यंत सरळ राहील अशाच बेताने बांधतात. तो मर्यादेपर्यंत काटेकोर चालतो आणि मर्यादा आली की लहरीचा माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट करतो. तीक्ष्ण कोपऱ्यांतून सातवा, नववा, अकरावा असे वरचे हार्मोनिक सुटतात आणि आवाज फाटला असं आपण म्हणतो. ट्यूबचा माथा आधीपासूनच गोल होत जातो. त्यामुळे ५० वॉटचा ट्यूब अँप मर्यादेपलीकडे पिळला तरी कान तक्रार करत नाही, उलट जाड, भरलेला स्वर मिळतो. ट्रान्झिस्टरवाला मात्र फाटू नये म्हणून २०० वॉटचा अँप निम्म्यावर ठेवतो.

"ट्यूब म्हणजे सम हार्मोनिक (दुसरा, चौथा असे)" हे सरसकट विधान मात्र चूक. मोठ्या अँपच्या शेवटच्या टप्प्यात ट्यूब जोडीने, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते अशा चालतात आणि त्या जोडीत सम हार्मोनिक एकमेकांना खोडतात. सम येतात ते मुख्यतः सुरुवातीच्या छोट्या ट्यूबमधून, बहुतेक ठिकाणी १२एएक्स७ मधून.

याची किंमत पाठीला मोजावी लागते. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर लागतो. स्वर जितका खालचा, तितका त्या गाभ्यावर चुंबकीय ताण जास्त, म्हणून लोखंडही जास्त. १९६९ मध्ये आलेल्या अँपेगच्या एसव्हीटी या ३०० वॉटच्या अँपमध्ये १४ ट्यूब होत्या आणि स्पीकर सोडून नुसता अँपचा डबाच ४० किलोच्या घरातला होता. दुसऱ्या मजल्यावर सराव करणाऱ्या पोरांनी याचा विचार करावा. शिवाय नागपूरचा मे. ट्यूबला ४५ अंशांचं काही वाटत नाही, तिचा कॅथोड शेकडो अंशांवर असतो. पण आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. आणि ते बटण बंद केल्यावरही जीवघेणे व्होल्ट धरून ठेवू शकतात, हौसेने पेटी उघडू नका.

या सगळ्याभोवती भोंदूगिरीही पुष्कळ आहे. काही स्वस्त पेट्यांत ट्यूबला पुरेसं व्होल्टेज देतच नाहीत आणि ती पेटलेली दिसावी म्हणून मागे नारिंगी एलईडी लावतात. बाण छापलेल्या केबलही मिळतात, म्हणे सिग्नल त्या दिशेने जास्त शुद्ध जातो. बेसचा सिग्नल सेकंदाला कितीदा उलटसुलट दिशा बदलतो ते वर आलंच आहे. अंगाऱ्यावर विश्वास न ठेवणारी शिकलेली माणसं यावर हजारो रुपये घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भाच्याला मी पुरेशा व्होल्टेजवर चालणारी एक १२एएक्स७ पुढे असलेला, तीन किलोचा क्लास-डी (ट्रान्झिस्टरचाच हलका प्रकार) अँप घ्यायला लावला. वाचलेले पैसे चांगल्या स्पीकर-पेटीवर घालायला सांगितले, कारण आवाजात पेटीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पहिल्या दिवशी आईचा तंबोरा सफेद तीनला लावून त्याच्या अँपशेजारी ठेवला. आधी नुसती खर्जाची तार छेडत राहिलो, त्याला गंधार सापडेपर्यंत. दोन-तीन मिनिटं लागली. मग त्याने बेसवर तोच स्वर धरून गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं, बटण हळूहळू वर नेलं आणि मधेच थांबून म्हणाला, "मामा, हा पण बोलते."