एचआरच्या मास्टर्सची फी जास्त, म्हणून पगारही जास्त?

‘एचआरच्या (मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या) मास्टर्सला फी जितकी जास्त, तितका पुढे पगार मोठा’ हा समज जुनाच. त्याला खतपाणी मिळतं कॉलेजांच्या जाहिरातीतल्या सरासरी पगारामुळे. समजा, दहांपैकी नऊ जणांना 4 हजार मिळतात आणि एकाला 64 हजार. सरासरी येते 10 हजार, आणि तेवढे मिळतात कुणालाच नाही! म्हणून मध्यक विचारा: पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. इथे तो 4 हजार. बॅचमधल्या किती जणांचे पगार धरलेत, हेही विचारा; नोकरी न मिळालेले कधीकधी हिशेबातून गळतात. खर्चात फीबरोबर कर्जाचं व्याज आणि शिकताना बुडणारा पगार धरा. आधीपासून नोकरीत असाल, तर हा बुडालेला पगार फीपेक्षाही जड जाऊ शकतो.