तरंगत्या पवनचक्कीवरचा वारा: एका हिशेबाची पार्श्वभूमी

झोपाळा पुढे जातो तेव्हा वारा तोंडावर येतो, मागे येताना तोच वारा पडल्यासारखा वाटतो. वारा बदललेला नसतो, आपण हललेलो असतो. समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्कीच्या पात्यांवर किती भार येतो हे काढण्यातली अडचण नेमकी हीच आहे.

आकड्यांत बघू. अमेरिकेतल्या एनआरईएल या प्रयोगशाळेने 2009 मध्ये 5 मेगावॅटच्या पवनचक्कीचा एक आराखडा अभ्यासासाठी सर्वांना खुला केला. ही चक्की कागदावरचीच, पण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला तिचे आकडे पाठ असतात. हब, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, 90 मीटर उंचीवर. सेकंदाला 11.4 मीटर वारा असताना रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर, सुमारे 80 टनांचा रेटा. आता तिच्याखालचा तराफा 10 सेकंदांच्या लाटेवर जेमतेम 1 अंश पुढे-मागे झुकतोय असं धरा. हब दोन्हीकडे दीड-दीड मीटर सरकतो आणि त्याचा वेग सेकंदाला 1 मीटरपर्यंत जातो. म्हणजे पात्यांना वारा लागतो कधी 12.4, कधी 10.4. रेटा वेगाच्या वर्गाने बदलतो असं ढोबळमानाने घेतलं, तर या दोन टोकांत जवळपास 40 टक्क्यांचा फरक पडतो. आणि हे दर 10 सेकंदांनी, वर्षानुवर्षं.

गंमत म्हणजे हा हिशेब मांडायची रीत मुळात समुद्रावरच जन्मली, जहाजाच्या पंख्यासाठी. 1865 मध्ये रँकिन यांनी पंख्याला एक पातळ चकती मानून पाण्याचा वेग किती बदलतो ते मांडलं. विल्यम फ्रूड यांनी 1878 मध्ये पात्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा जोर वेगळा काढला. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांनी 1889 मध्ये चकतीचा विचार पुढे नेला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बेट्झ यांनी दाखवलं की वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के ऊर्जाच काढून घेता येते. मग ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्लाउअर्ट यांनी तुकडे आणि चकती या दोन वाटा एकत्र जोडल्या. 1934 मध्ये ते अपघातात गेले, आणि त्यांचं हे लेखन 1935 मध्ये प्रसिद्ध झालं. आजही पवनचक्कीचं डिझाइन करताना रोज वापरली जाते ती हीच पद्धत, ब्लेड एलिमेंट मोमेंटम.

मात्र ती गृहीत धरते की रोटर जागेवर आहे आणि मागची हवा स्थिरावलेली आहे. जमिनीवरही हे पुरतं खरं नसतं. 2000 मध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या वाऱ्याच्या प्रचंड बोगद्यात 10 मीटर व्यासाचा रोटर तपासला गेला. निकाल न दाखवता अभ्यासकांकडून आधी अंदाज मागवले होते. सरळ, स्थिर वाऱ्यातसुद्धा विजेचे अंदाज मोजलेल्या आकड्याच्या 25 ते 175 टक्के असे विखुरले. या क्षेत्राला मिळालेला हा फार मोलाचा धडा होता असं मी मानतो.

तरंगत्या पवनचक्क्यांची कल्पना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हेरोनिमस यांनी 1972 मध्येच मांडली होती. पण हिशेबाची खरी निकड भासली ती नॉर्वेच्या हायविंड या तरंगत्या पवनचक्कीमुळे. वारा ठरावीक वेगापेक्षा वाढला की चक्की पात्यांचा कोन बदलून जादा वारा सोडून देते, त्यामुळे रेटा कमी होतो. जमिनीवर हे बिनधोक. तरंगती चक्की मात्र वाऱ्याकडे झुकते तेव्हा तिला वारा वाढल्यासारखा वाटतो, ती पाती वळवते, आणि थोपवणारा रेटाच कमी झाल्याने आणखी पुढे झुकते. डोलणं थांबायच्या ऐवजी वाढत जातं. यालाच ऋण अवमंदन म्हणतात. 2009 मध्ये 2.3 मेगावॅटची हायविंड समुद्रात उभी राहण्याआधीच संशोधकांनी हा धोका ओळखला होता. वारा, लाटा, नांगराचे दोर आणि पात्यांचं नियंत्रण यांचा हिशेब वेगवेगळा करून चालणार नाही हे त्यातून स्पष्ट झालं. जेसन जोंकमन यांनी 2007 च्या प्रबंधात एनआरईएलच्या फास्ट या संगणक प्रणालीत हे सगळं एकत्र बांधलं.

मग प्रश्न आला पडताळणीचा. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या मरीन या सागरी संशोधन संस्थेच्या टाकीत 1:50 मापाची प्रतिकृती तरंगवली. लाटांचं प्रमाण राखायचं तर विल्यम फ्रूड यांचाच नियम पाळावा लागतो, पण तो पाळला की पात्यांचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पात्यावरून हवा कशी वाहणार हे ठरवणारा आकडा, साडेतीनशे पट घसरतो. हवा पात्याला नीट धरत नाही, हुबेहूब आकाराचं पातंही दुबळं पडतं. तिथे रेटा इतका कमी भरला की वारा वाढवून तो जुळवावा लागला. पुढे मुद्दाम वेगळ्या आकाराची पाती घडवली गेली.

मिलानच्या तंत्रविद्यापीठाने पाण्याला फाटाच दिला. वाऱ्याच्या बोगद्यात 1:75 मापाचा, सव्वादोन मीटरहून थोडा मोठा रोटर ठरावीक गतीने पुढे-मागे हलवला. ओसी6 या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ही मोजमापं अनेक गटांच्या गणितांशी ताडून पाहिली, आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासलेल्या हालचालींत क्षणाक्षणाचा सापेक्ष वारा धरला तरी भार बऱ्यापैकी जुळतात. ग्लाउअर्ट यांची पद्धत तिथे टिकली. खऱ्या यंत्रात मात्र रोटरचा वेग आणि पात्यांचा कोनही सतत बदलत असतो, आणि मागच्या हवेला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. 2020 मध्ये खुला झालेला पुढचा आराखडा 15 मेगावॅटचा आहे, रोटर 240 मीटरचा, हब 150 मीटरवर. तिथे तोच 1 अंशाचा झुकाव हबला दोन्हीकडे अडीच मीटरांहून जास्त सरकवतो.