तपासणीला येण्याआधी व्हेरियंट पक्का करा

सारख्या किमतीच्या दोन एसयूव्हींमध्ये अडलेल्या ग्राहकांसाठी

"दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे, मग घेऊ कोणती?" गाडी घेण्याआधी दोन्ही गाड्या तपासून लेखी मत देणं हे आमचं काम, म्हणून हा प्रश्न आम्हाला फोनवर रोज येतो आणि फोनवर आम्ही त्याचं उत्तर देत नाही. एकाच नावाखाली दोन-तीन इंजिनं, तितकेच गिअरबॉक्स आणि पाच-सहा व्हेरियंट, म्हणजे कमी-जास्त सोयींच्या आवृत्त्या, विकले जातात. त्यातली नेमकी कोणती गाडी तुम्ही घेणार हे कळल्याशिवाय सांगितलेलं उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज, आणि अंदाज सांगायला कोणीही पुरतं.

तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूकही हीच. टेस्ट ड्राइव्हला शोरूम देतं ती गाडी बहुतेक वेळा टॉप व्हेरियंट असते. ग्राहक दोन्ही गाड्यांचे टॉप व्हेरियंट चालवतात, ब्रोशर घेऊन आमच्याकडे येतात, आम्ही तुलना करून देतो. मग बुकिंगच्या वेळी कळतं की बजेटमध्ये बसतो तो एकीचा टॉप आणि दुसरीचा मधला. की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. किंमत सारखी असण्याचं कारणही बरेचदा हेच असतं: लहान गाडी सगळ्या सोयींसह आणि मोठी गाडी काही सोयी कापून. तिथे जागा हवी की सोयी, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. ते आम्ही तपासून सांगू शकत नाही.

व्हेरियंट बदलला की फक्त स्क्रीनचा आकार बदलतो, असा समज आहे, पण तो खरा नाही. टायरच घ्या. मधल्या व्हेरियंटला २१५/६० आर१७ आणि टॉपला २१५/५५ आर१८, अशी जोडी नेहमी दिसते. पहिल्या टायरची बाजूची भिंत २१५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. दुसऱ्याची ११८, पण रिम १७ ऐवजी १८ इंची. चाकाची एकूण उंची जेमतेम चार मिलिमीटरने वेगळी, म्हणून लांबून दोन्ही सारखीच दिसतात. पण खड्ड्यात आपटल्यावर झटका पोटात घ्यायला रबर ११ मिलिमीटर कमी. त्यामुळे टॉप व्हेरियंट जास्त खडखडतो आणि रिम वाकण्याचा धोकाही त्यालाच जास्त. टॉप चालवून "सस्पेन्शन कडक आहे" म्हणत गाडी नाकारणाऱ्यांनी मधला व्हेरियंट चालवलेलाच नसतो. सनरूफचंही तसंच. त्याच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा कमी होते आणि उंच माणसाचे केस छताला लागतात. मागचे ब्रेक डिस्क की ड्रम, स्टेपनी पूर्ण मापाची की बारीक, सीटची उंची वरखाली होते की नाही, हे सगळं व्हेरियंटवर ठरतं. बारीक स्टेपनीवर साधारण ताशी ८० किमीच्या वर जायचं नसतं. स्टेपनीऐवजी पंक्चर किट असेल तर टायरची बाजू फाटल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

ब्रोशरमधले आकडे वाचायचे कसे

बूटच्या (मागच्या डिकीच्या) लिटरवरून भांडू नका. ठोकळे भरून मोजण्याच्या पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचतात. पण कोणी ते मागच्या ट्रेपर्यंत रचतं, कोणी छतापर्यंत, आणि हे ब्रोशरवर लिहिलेलं नसतं. घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा. जमिनीपासून बूटच्या काठाची उंची आणि दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

वळणाच्या आकड्यात एक जण त्रिज्या देतो, दुसरा व्यास. ५.४ मीटर आणि १०.८ मीटर एकच.

ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारा. क्लिअरन्स सारखाच असला तरी पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ज्या गाडीत जास्त, तिचं पोट उंच गतिरोधकावर आधी घासतं.

सात सीटवाल्या गाडीत मात्र एक आकडा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे भार. एकूण परवानगीच्या वजनातून गाडीचं स्वतःचं कर्ब वजन वजा करा. समजा २०५० वजा १५००, म्हणजे ५५० किलो. सात माणसं सरासरी ७० किलोची धरली तर ४९० झाले. सामानाला उरले ६० किलो, आणि छतावरच्या कॅरिअरचं ओझंही त्यातच धरायचं. दोन मोठ्या बॅगा, पाण्याचा कॅन, संपलं. काही कंपन्या कर्ब वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरतात, काही धरत नाहीत. म्हणून दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आम्ही आधी तपासतो.

इंजिनाचं विचाराल तर पीएसच्या (ताकदीच्या) आकड्यापेक्षा जोर कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) मिळतो हे बघा. ११५ पीएसची दोन पेट्रोल इंजिनं समजा. टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) असलेलं १७५० आरपीएमलाच १७० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं, बिनटर्बोवाल्याचा १४४ एनएम ४४०० आरपीएमला येतो. चार माणसं घेऊन चढ चढताना फरक लगेच कळतो: बिनटर्बोचा गिअर सतत खाली घ्यावा लागतो आणि आवाज वाढतो. उलट अगदी हळू, थांबत-थांबत चालताना टर्बो अजून जागा झालेला नसतो, आणि तिथे साधं इंजिन जास्त गुळगुळीत वाटतं. रोज रांगेत सरकणारी गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे गिअरबॉक्स निवांत चालतात. ड्राय ड्युअल क्लच (ऑइलशिवायचे दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक) सतत सरकत ठेवला तर तापतो.

डिझेल घेणाऱ्यांना एकच विचारतो: रोजचा पल्ला किती? तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळण्याइतकी उष्णता तयारच होत नाही. ती जळायला साधारण ६०० अंश लागतात. जाळण्याची क्रिया अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय. असा वापर असेल तर आम्ही पेट्रोल सुचवतो, मग डिझेलचं मायलेज कितीही चांगलं असो.

धडक चाचणीत मिळालेले सुरक्षेचे स्टार मोजताना चाचणीचं वर्ष बघा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच सारखे नसतात. शिवाय समोरून धडकेचे गुण साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच ताडून बघायचे. चाचणी झालेल्या व्हेरियंटच्या एअरबॅग तुमच्या व्हेरियंटमध्ये आहेत ना, हेही बघा.

टेस्ट ड्राइव्ह

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, त्याच माणसांना बसवून चालवा. एक शनिवारी एकट्याने आणि दुसरी बुधवारी कुटुंबासह चालवली तर तुलना होत नाही. निघण्यापूर्वी टायरची हवा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. वाहतुकीसाठी भरलेली जादा हवा काही वेळा तशीच राहते, आणि मग चांगली गाडीही दगडासारखी वाटते. एसी चालू ठेवा. चढावर थांबून पुन्हा निघा. गतिरोधक एकदा सरळ आणि एकदा तिरका घ्या, म्हणजे मागची सीट किती हलते ते कळेल.

मग चालकाची सीट स्वतःला हवी तशी लावा आणि तशीच ठेवून स्वतःच्याच मागे बसा. गुडघा आणि सीट यांत मूठ जाते का? पाय सीटखाली सरकतो का? मांड्या सीटवर टेकतात की हवेत राहतात? घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दोनदा चढवा-उतरवा. पायरीची उंची आणि दाराची रुंदी त्यांना जितकी कळते तितकी कोणालाच नाही. सीटचा दोष पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही, म्हणून निदान अर्धा तास बसा.

आमची पद्धत

आमच्या एका फीमध्ये दोन्ही गाड्यांची तपासणी, दोन्ही टेस्ट ड्राइव्हला आमचा माणूस आणि शेवटी एक पानी लेखी मत, एवढं येतं. कोणत्याही शोरूमकडून आम्ही कमिशन घेत नाही, त्यामुळे "दोन्ही नको" असंही लिहून देतो. मत दिल्यानंतर व्हेरियंट बदलला तर फी पुन्हा लागते. यावर काही जण नाराज होतात, पण वर दिलेला टायरचा आणि भाराचा हिशेब प्रत्येक व्हेरियंटला नव्याने करावा लागतो. बुकिंगची रक्कम भरण्याआधी या. भरून झाल्यावर आलात तर उरतं ते फक्त मनाचं समाधान, आणि त्यासाठी फी घेणं आम्हाला पटत नाही.

येताना दोन्ही व्हेरियंटची पूर्ण नावं, अंतिम किमतीचे दोन्ही लेखी कागद आणि रोजचा पल्ला लिहून आणा. डिलिव्हरीआधीची तपासणी हवी असेल तर टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंकही टिपून ठेवा: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. चार टायरवर चार वेगळ्या तारखा दिसल्या तर आधी आम्हाला फोन करा. वेळ आम्ही सकाळचीच देतो, कारण थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं असतं. गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला शोरूमला तुम्हीच सांगून ठेवा.