ध्वनिनमुने, जुन्या ड्रम मशिनांतील

साधारणतः १९८०च्या दशकातील ड्रम मशिनांत नवा आवाज भरताना त्याचे अंक कोणत्या संकेतात लिहावेत, हे ठरविण्याची पद्धती. खऱ्या वाद्यांचे नमुने वाजविणारे पहिले यंत्र म्हणून रॉजर लिन यांच्या एलएम-१चा (१९८०) उल्लेख करतात. ओबरहाइम डीएमएक्स या तशाच दुसऱ्या यंत्रासाठी १९८० व १९८१ अशी दोन्ही वर्षे आढळतात.

या पिढीतील यंत्रांचे वर्णन बहुधा नुसते ‘८-बिट’ असे केले जाते, ते अपुरे आहे. डीएमएक्समधील नमुना दूरध्वनीतील म्यू-लॉ या अंक आकुंचित करण्याच्या पद्धतीच्या धर्तीवर आकुंचित केलेला असतो : एक बिट चिन्हाचा (धन वा ऋण), तीन खंडाचे (तीव्रतेचा पट्टा), चार पायरीचे (त्या पट्ट्यातील स्थान). त्यामुळे हलक्या आवाजाच्या वाट्याला बारीक पायऱ्या येतात आणि मोठ्या आवाजाच्या वाट्याला जाड. मात्र दूरध्वनीच्या जी.७११ मानकात बिट उलटवून लिहितात, म्हणजे ०च्या जागी १ व १च्या जागी ०. तेथे एफएफ हा षोडशमान (१६ पायाचा) अंक, म्हणजे आठही बिट १, शांतता दर्शवितो; तर चिन्ह-परिमाण पद्धतीने (पहिला बिट चिन्ह, उरलेले तीव्रता) वाचणाऱ्या परिवर्तकात, म्हणजे अंकांचा आवाज करणाऱ्या भागात, तोच अंक टोकाचा. पुसलेल्या ईप्रॉमच्या (नमुने साठविणाऱ्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृति-चिपच्या) प्रत्येक घरात एफएफच असल्यामुळे नमुन्यानंतरची जागा कोरी ठेवल्यास शेवटी ‘टक्’ असा आवाज उमटण्याचा संभव असतो. संगणकावरील ८-बिट वेव्ह फाइलीत शांततेचा अंक ८० (षोडशमान) व एआयएफएफ या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफाइलीत शून्य असतो. फाइल जशीच्या तशी चढविली की खरखर ऐकू येते. स्वरूपाचा अंदाज त्यामुळे पुष्कळदा कानानेच घ्यावा लागतो.

२७३२ जातीच्या ईप्रॉममध्ये ४,०९६ बाइट मावतात, म्हणजे २८ किलोहर्ट्‌झ गतीने (सेकंदाला २८,००० अंक) जेमतेम ०.१५ सेकंद. गोव्यात चवथीच्या आरतीला वाजणाऱ्या घुमटाचा नमुना घ्यावयाचा झाल्यास ही मर्यादा लगेच जाणवते : चामड्यावरची थाप मावते, पण मडक्याच्या दुसऱ्या, उघड्या तोंडावर डावा तळहात झाकून-उघडून काढलेला घुमारा मध्येच तुटतो. घुमटाच्या साथीला काठ्यांनी वाजणाऱ्या शामेळाच्या कोरड्या ठोक्याला तेवढी जागा सहसा पुरते. ई-म्यू एसपी-१२०० (१९८७) १२-बिट असून त्यात एक नमुना २.५ सेकंदांपर्यंत लांबविता येतो, परंतु २६.०४ किलोहर्ट्‌झ गतीमुळे सुमारे १३ किलोहर्ट्‌झच्या (गतीच्या निम्म्याच्या) वरची कांसाळ्याची, म्हणजे झांजेची, झणझण त्यात उतरत नाही. आवाज वाढत्या वेगाने वाजवून भरावा आणि यंत्रात स्वर खाली आणावा, ही जागा वाचविण्याची जुनी युक्ती. तिने नाद आणखी खरबरीत होतो, व पुष्कळांना तोच हवा असतो.

मिडी या वाद्ये व संगणक जोडण्याच्या पद्धतीचे सॅम्पल डंप (नमुने पाठविण्याचे) मानक पाळणाऱ्या यंत्रांत १२-बिट अंक दोन सात-बिटी बाइटांत डावीकडे सरकवून पाठवितात. १२७ बाइटांच्या एका पुडक्यात असे ६० अंक बसतात; २६.०४ किलोहर्ट्‌झचा एक सेकंद पोहोचायला किमान १७ सेकंद लागतात.